काउंटरच्या अलीकडून लिहिताना

बारावीनंतर बी. फार्मसीला जायचे तर आपल्याकडे एमएचटी-सीईटी द्यावी लागते, कॅप राउंडला पर्याय भरावे लागतात आणि कागदपत्रांची पडताळणी करून घ्यावी लागते. डी. फार्मसीची यादी बारावीच्या गुणांवर लागते. जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेयर, अधिवास, टीसी यांपैकी एक कागद कमी पडला तर मुलाला बीडहून गावी आणि गावाहून तहसीलला खेटे घालावे लागतात. एवढे सगळे मागितले जाते, पण तुला फार्मसीच का करायची आहे, हे त्याला कोणीही विचारत नाही.

हा प्रश्न पहिल्यांदा समोर येतो तेव्हा मुलगा किंवा मुलगी एकवीस-बावीस वर्षांची झालेली असते. परदेशात एम. एस.साठी अर्ज करताना, ब्रिटनमधल्या एम. फार्म.ची चौकशी करताना, अमेरिकेतल्या फार्म. डी.चा अर्ज उघडताना किंवा एखाद्या शिष्यवृत्तीच्या मुलाखतीला बसताना तो अचानक पुढ्यात येतो. अर्जातल्या त्या कोऱ्या चौकटीला कोणी पर्सनल स्टेटमेंट म्हणते, कोणी एसओपी. आपली मुले तिच्यासमोर गांगरतात. मग मोबाइलवर कुणाचे तरी जुने एसओपी फिरत येते, नाव आणि कॉलेज बदलले जाते, नाहीतर एखाद्या एजंटाला पैसे देऊन ते लिहून घेतले जाते. चार वर्षे स्वतः अभ्यास केलेला विद्यार्थी शेवटच्या दोन पानांवर दुसऱ्याच्या तोंडाने बोलतो. हे थांबावे, एवढ्यासाठी ही पुस्तिका आहे.

आधी व्यवहाराचे बोलू. अमेरिकेतल्या बहुतेक फार्मसी महाविद्यालयांचे अर्ज फार्मकॅस या एकाच व्यवस्थेतून जातात. तिथे या निवेदनाला, म्हणजे पर्सनल स्टेटमेंटला, सुमारे 4,500 अक्षरांची मर्यादा असते आणि मोकळ्या जागाही त्यात धरल्या जातात. ब्रिटनमध्ये पदवीचा अर्ज युकासमार्फत होतो. 2026च्या प्रवेशापासून तिथे एकसलग निबंध राहिलेला नाही, त्याच्या जागी तीन प्रश्न आले आहेत: हा अभ्यासक्रम का, आतापर्यंतच्या शिक्षणाने तुमची काय तयारी झाली, आणि शिक्षणाबाहेर तुम्ही काय केले. तिन्ही उत्तरे मिळून 4,000 अक्षरांत बसवायची असतात आणि प्रत्येक उत्तर निदान 350 अक्षरांचे असावे लागते. म्हणजे एकूण जागा दीड पानाच्या आसपास. चरित्र सांगायला ती पुरत नाही. एक गोष्ट नीट सांगायला मात्र भरपूर होते.

अर्ज कशासाठी करायचा, हेही लिहिण्याआधी ठरलेले असावे. आपली बी. फार्मसी चार वर्षांची आहे. 1 जानेवारी 2003 नंतर पदवी घेतलेल्या परदेशी पदवीधरांना अमेरिकेत फार्मासिस्ट म्हणून परवान्याच्या वाटेवरची एफपीजीईई परीक्षा द्यायची असेल, तर त्यांचा अभ्यासक्रम किमान पाच वर्षांचा असावा लागतो. त्यामुळे आपली बी. फार्मसी झालेल्यांना ती वाट थेट खुली नाही. आपल्याकडे 2008पासून सुरू झालेला सहा वर्षांचा फार्म. डी. केलेल्यांची गोष्ट वेगळी. बी. फार्मसीनंतर तिकडे एम. एस. करणाऱ्यांचा रोख बहुधा संशोधन, औषधनिर्मिती किंवा रेग्युलेटरी कामाकडे असतो. ज्याला प्रयोगशाळेत जायचे आहे त्याने निवेदनात रुग्णसेवेची स्वप्ने रंगवली, तर वाचणाऱ्याला एकच कळते: या मुलाने अभ्यासक्रमाची माहितीही नीट वाचलेली नाही. म्हणून पुस्तिकेचा पहिला भाग कोणता अभ्यासक्रम कुठे नेतो, यावरच आहे. तो ओलांडून पुढे जाऊ नये.

आता मुख्य मुद्दा. 2007 साली युकासने सुमारे पन्नास हजार निवेदने संगणकावर ताडून पाहिली. त्यांत ऑक्सफर्ड-केंब्रिजला आणि वैद्यकीय, दंतवैद्यकीय व पशुवैद्यकीय शाखांना अर्ज करणाऱ्यांची निवेदने होती. आठव्या वर्षी रसायनांचे प्रयोग करताना पायजम्याला भोक पडले, ही आठवण 234 जणांनी लिहिली होती. 175 जणांच्या निवेदनात आजारी किंवा थकलेले आजोबा होते. इंटरनेटवरच्या नमुन्यातला एकच पायजमा शेकडो घरांत जळाला होता. तेव्हापासून प्रत्येक निवेदन आधीच्या निवेदनांशी ताडून पाहण्याची व्यवस्था युकासने ठेवली आहे. आज यंत्राकडून मजकूर लिहून घेणे आणखी सोपे झाले आहे, आणि म्हणून एकसारखा मजकूरही वाढला आहे.

आपल्या भागात पायजम्याची गोष्ट कोणी लिहीत नाही. आजोबा मात्र येतातच. गावात दवाखाना नव्हता, औषध वेळेवर मिळाले नाही, आजोबा गेले, तेव्हाच मी ठरवले. हे बहुतेकांच्या बाबतीत खरेही असते. बीड, पाटोदा, आष्टी, शिरूर या पट्ट्यात ज्याच्या घरात असे घडले नाही असा माणूस शोधावा लागेल. तरीही त्या गोष्टीतून आजोबांचे दुःख कळते, तुम्ही कळत नाही. तुम्ही काय पाहिले, त्यातून कोणता प्रश्न पडला, त्या प्रश्नाचे पुढे काय केलेत, हे आल्याशिवाय निवेदन पुरे होत नाही.

आपल्याला हे जड जाते, कारण शाळेने आपल्याकडून दोनच प्रकारचे लेखन घोटून घेतले आहे. एक विनंती अर्ज. त्यात घरची परिस्थिती हलाखीची असल्याचे सांगायचे, कृपा व्हावी म्हणायचे आणि खाली आपला आज्ञाधारक म्हणून सही करायची. दुसरा निबंध. त्यात पहिल्या परिच्छेदात विषयाची थोरवी गायची आणि शेवटच्या परिच्छेदात देशाचे भले चिंतायचे. मुले निवेदन लिहायला बसली की निम्मा विनंती अर्ज होतो आणि निम्मा निबंध. गरिबी सांगून दया मागितली जाते, मग फार्मसी हे किती उदात्त क्षेत्र आहे ते सांगितले जाते. निवड करणाऱ्याला यांतले काहीच नको असते. त्याच्यापुढे एकच प्रश्न असतो: हा माणूस आमच्या वर्गात बसला तर काय घेऊन येईल आणि काय घेऊन जाईल?

या लेखनाचा एक उत्तम नमुना मराठी माणसाकडे एकशे चाळीस वर्षांहून अधिक काळ आहे. जून 1883मध्ये अमेरिकेत नुकत्याच पोचलेल्या अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशींनी फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियाला प्रवेशासाठी पत्र लिहिले. ते आजही जपलेले आहे. प्रवेशाच्या सगळ्या अटींत आपण बसू असे नाही, हे त्यांनी त्यात सरळ मान्य केले आहे. आप्तांचा आणि जातीचा विरोध पत्करून इथवर आलो, तोच निर्धार पुढे उपयोगी पडेल, असे म्हटले आहे. आणि कारण सांगताना वैद्यकशास्त्राची थोरवी गायलेली नाही. आमच्याकडच्या बायका पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मला हे शिकायचे आहे, एवढे नेमके कारण दिले आहे. दहा दिवसांचे मूल गमावलेली ही आई होती. तरी त्या पत्राचा सगळा भार तिने दिसलेल्या एका गरजेवर ठेवला. 11 मार्च 1886 रोजी त्या डॉक्टर झाल्या. उणीव लपवायची नाही, जिद्दीचा पुरावा द्यायचा आणि गरज नेमकी सांगायची: या पुस्तिकेत जे शिकवायचे आहे ते सगळे त्या एका पत्रात आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. आमच्याकडे सांगण्यासारखे काय आहे, असे मुले विचारतात. माझे म्हणणे असे की औषध माणसापर्यंत पोचून ते नीट घेतले जाईपर्यंत काय काय अडते, हे शिकायला बीडसारखी दुसरी शाळा नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास इथून लाखो माणसे मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, ती फडाशेजारच्या कोप्यांत राहतात. रक्तदाबाची रोजची गोळी, मधुमेहाचे इन्सुलिन, सहा महिने चालणारे टीबीचे औषध, हे सगळे त्यांच्याबरोबर जाते किंवा मागे राहते. आपले डी. फार्मसीचे विद्यार्थी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून किमान तीन महिन्यांत मिळून 500 तासांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण घेतात. त्यातले बरेच तास मेडिकलच्या काउंटरमागे जातात. एवढे पाहूनही सांगण्यासारखे काही नाही असे वाटत असेल, तर पाहिलेले टिपून ठेवले नाही एवढाच त्याचा अर्थ.

एक उदाहरण इथेच देतो. विद्यार्थिनी कल्पित आहे, पण असा प्रसंग दसऱ्याच्या आसपास जिल्ह्यातल्या कोणत्याही मेडिकलमध्ये घडू शकतो. तिचा पहिला खर्डा असा:

“मला लहानपणापासून रुग्णसेवेची आवड आहे. आमचा जिल्हा दुष्काळी असून ऊसतोड कामगार आरोग्यसेवेपासून वंचित आहेत. त्यांची सेवा करण्यासाठी मी फार्मसी हे उदात्त क्षेत्र निवडले आहे.”

यातले एकही वाक्य खोटे नाही. पण हीच वाक्ये परळीचा मुलगा लिहील आणि गेवराईची मुलगीही लिहील. ती काउंटरला उभी होती तेव्हा नेमके काय झाले, एवढे विचारल्यावर दुसरा खर्डा आला:

“तोडीला निघालेल्या एका मावशींनी इन्सुलिनच्या कुप्या दोन-तीन महिन्यांच्या एकदम मागितल्या. फ्रिज आहे का, मी विचारले. ‘कोपीत कुठली आलीय लाईट,’ त्या म्हणाल्या. खोक्यावर लिहिले होते ते मी वाचून दाखवले: दोन ते आठ अंश. पुढे काय सांगावे ते मला सुचेना. संध्याकाळी पुस्तक काढले, दुकानातल्या फार्मासिस्ट सरांना विचारले. उघडलेली कुपी थंड जागी साधारण चार आठवडे चालते, न उघडलेल्या कुप्यांना मात्र फ्रिज लागतो. दुसऱ्या दिवशी सरांनी मावशींना एका महिन्याच्याच कुप्या दिल्या. पुढच्या कुप्या कारखान्याजवळच्या मेडिकलमधून घ्यायला सांगितले आणि चिठ्ठी जपून ठेवायला सांगितली. मातीच्या भांड्यात पाणी घालून त्यात कुपी कोरडी कशी ठेवायची ते मी त्यांना दाखवले. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात त्या भांड्यात किती अंश राहत असतील, हे मला अजून माहीत नाही. ते मोजायला मला शिकायचे आहे.”

दुसऱ्या खर्ड्यात ‘सेवा’ हा शब्द कुठेही नाही, पण सेवा दिसते. आपल्याला काय येत नव्हते ते तिने सांगितले आहे, आणि ते कळल्यावर काय केले तेही. शेवटच्या वाक्यात एक खरा शास्त्रीय प्रश्न आहे: औषधाचे स्थैर्य, साठवण, उष्ण प्रदेशातला वापर. औषधशास्त्राच्या कोणत्याही विभागातला प्राध्यापक त्या वाक्यापाशी थांबेल, कारण तिथून पुढे दोघांना बोलता येते. या वाक्यावरून अभ्यासक्रमाकडे जाणेही सोपे होते. तुमच्या विभागात औषधांच्या स्थैर्यावर जे काम चालते ते मला का शिकायचे आहे, हे मग दोन ओळींत सांगून होते.

अशी खरी निरीक्षणे टिपताना काही पथ्ये पाळावीच लागतात. रुग्णाचे नाव, गाव, आजार आणि मुकादम यांची अशी सांगड निवेदनात घालू नये की माणूस ओळखू येईल. आपल्या जिल्ह्याच्या बाबतीत हे विशेष जपायला हवे. ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 साली देशभर गाजला आणि राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्यानंतर हा विषय अनेकांच्या निवेदनात येऊ शकतो. तुमच्या घरातल्या किंवा तुम्ही काम केलेल्या वस्तीतल्या बाईचा तो अनुभव असेल, तर तिला विचारून आणि तिचा मान राखून लिहा. केवळ बातमीत वाचून दुसऱ्याचे दुःख आपल्या अर्जाला लावू नका. वाचणाऱ्याला ते कळते, आणि न कळले तरी ते योग्य नाही.

दुसरे पथ्य व्यवसायाविषयीच्या खरेपणाचे. 1948च्या फार्मसी कायद्याच्या बेचाळिसाव्या कलमाप्रमाणे चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचे असते. एच-वन यादीतल्या औषधांची वेगळी वही ठेवायची असते. त्यात डॉक्टरचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि संख्या लिहायची आणि ती नोंद तीन वर्षे जपायची. प्रत्यक्षात काय चालते ते प्रशिक्षणाला गेलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. भिंतीवरच्या फ्रेममध्ये सर्टिफिकेट असते आणि त्याचा मालक दुसऱ्या गावी नोकरीला असतो. ‘फार्मसी कर, लायसन्स मिळेल, मेडिकल टाक, नाहीतर सर्टिफिकेट भाड्याने लाव,’ हा सल्ला घरातले लोक प्रेमाने देतात. तो सल्ला ऐकूनही तुम्हाला काउंटरवर स्वतः उभे राहायचे असेल, तर ते का, हे सांगणारा परिच्छेद तुमच्या निवेदनातला सगळ्यात वजनदार परिच्छेद ठरू शकतो. तो लिहिताना कुणाच्या दुकानाचे नाव घेऊ नका. तुम्ही काय पाहिलेत आणि त्यावरून काय ठरवलेत, तेवढे पुरे.

तिसरे पथ्य गरिबीविषयी. ती लपवू नका आणि विकूही नका. आई-वडील तोडीला गेल्यावर धाकट्या भावंडांना सांभाळून तुम्ही हंगामी वसतिगृहात राहून शिकलात, तर ते जरूर लिहा. पण त्यातून तुमच्या अंगी काय आले तेही लिहा: वेळेचा हिशेब, पैशाचा हिशेब, आजारी भावंडाला कोणते औषध किती वाजता द्यायचे याची वहीत केलेली नोंद. हाल सोसले म्हणून कोणी पात्र ठरत नाही. त्यातून काय कमावलेत, ते पात्रता सांगते.

भाषेचा प्रश्न सर्वांनाच छळतो. मराठी माध्यमातली मुले इंग्रजीच्या भीतीने जड शब्दांचा आसरा घेतात आणि त्यात आपले म्हणणे हरवून बसतात. माझा आग्रह असा की पहिला खर्डा मराठीत लिहावा, घरी बोलतो त्या मराठीत. काय सांगायचे ते एकदा पक्के झाले की मग साध्या, छोट्या इंग्रजी वाक्यांत ते नव्याने लिहावे. मराठी वाक्य समोर ठेवून शब्दाला शब्द लावत बसू नये. पॅशनेट, नोबल, ड्रीम हे शब्द आले की थांबावे आणि त्यांच्या जागी काय घडले ते लिहावे. व्याकरण दुसऱ्याकडून तपासून घ्यायला काहीच हरकत नाही. प्रसंग, प्रश्न आणि निर्णय मात्र तुमचेच हवेत, कारण मुलाखतीत त्याबद्दल तुम्हालाच विचारले जाणार आहे.

शिक्षक मित्रांनाही एक विनंती आहे. शिफारसपत्र मागायला आलेल्या विद्यार्थ्याला ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ असे सांगण्याची रीत अनेक ठिकाणी पडली आहे. कामाचा बोजा मला माहीत आहे. पण आपण वर्गात आणि प्रयोगशाळेत त्या मुलाला पाहिले आहे, त्यामुळे ते पत्र आपणच लिहू शकतो. त्याने कोणता प्रयोग पुन्हा करून पाहिला, कोणता प्रश्न विचारला, एवढे चार ओळींत लिहिले तरी ते पत्र मुलाने स्वतः केलेल्या स्वतःच्या स्तुतीपेक्षा शंभरपट मोलाचे ठरेल.

असे मार्गदर्शन गावाकडच्या मुलांपर्यंत पोचू शकते, हे महाराष्ट्रात सिद्ध झाले आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेले आणि पुढे चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला शिकलेले राजू केंद्रे आणि त्यांची एकलव्य ही संस्था घरातल्या पहिल्या शिकणाऱ्या पिढीला नामवंत संस्थांचे अर्ज भरायला मदत करत आली आहे. असेच काम फार्मसीपुरते आपल्या जिल्ह्यात, आपल्या कॉलेजांत व्हायला हवे. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, तालुक्यातालुक्यांत फार्मसीची कॉलेजे आहेत, आणि तिथे शिकून बाहेर पडलेली मुले आज पुणे-हैदराबादपासून परदेशापर्यंत काम करत आहेत. त्यांनी वर्षातून एक रविवार काढून धाकट्यांचे खर्डे वाचले तरी पुष्कळ होईल.

पुस्तिका चार भागांत आहे. पहिल्या भागात अभ्यासक्रम आणि त्यांच्या वाटा आहेत. दुसऱ्या भागात नोंदवही कशी ठेवायची ते आहे. हा भाग अर्जाच्या निदान सहा महिने आधी हाती घ्यावा. रोज एक प्रसंग, त्यात पडलेला एक प्रश्न आणि त्याचे सापडलेले किंवा न सापडलेले उत्तर, एवढेच त्यात लिहायचे आहे. तिसऱ्या भागात खर्डे आणि त्यांच्या दुरुस्त्या शेजारी शेजारी दिल्या आहेत. सगळे खर्डे रचलेले आहेत, म्हणून ते उचलून कोणी वापरू नयेत. चौथ्या भागात मुलाखतीची तयारी आहे. निवेदनात जे लिहिले त्याबद्दल तोंडी काय विचारले जाईल, त्याची ती उजळणी आहे.

ज्यांना परदेशी जायचे नाही, कुठे अर्जही करायचा नाही, त्यांनीही दुसरा भाग करावा. गेवराईत किंवा धारूरला मेडिकल चालवायचे असेल, तरी मी हे काम का करतो, या प्रश्नाचे उत्तर एकदा कागदावर उतरलेले असावे. ते उत्तर असलेला फार्मासिस्ट स्ट्रिप कापून देताना एक्स्पायरीची तारीख असलेला तुकडा गिऱ्हाईकाला दाखवतो, वाचता न येणाऱ्या माणसाला गोळी सकाळची की रात्रीची ते दोनदा सांगतो, आणि चिठ्ठीवर शंका आली तर डॉक्टरला फोन लावतो. परदेशातल्या निवड समितीला जो माणूस हवा असतो, तोच आपल्या गावालाही हवा आहे. लिहायला आजच बसा, आणि पहिला खर्डा झाला की तो आपल्या सरांना किंवा मॅडमना वाचून दाखवा.

अंबाजोगाई, जि. बीड